रस्त्याचे राखणदार : मावळातल्या पोलीस व्यवस्थेचा इतिहास

गावच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास असतो, देवस्थानाचा असतो, विकास सोसायटीचा असतो. पोलीस ठाण्याचा नसतो. ठाण्याचे नाव येते ते आभाराच्या परिच्छेदात, चोख बंदोबस्ताबद्दल. मळवली परिसरातल्या माणसाचा मात्र या संस्थेशी आयुष्यभर संबंध येतो. पासपोर्टची पडताळणी, नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला, जत्रेची परवानगी, अपघाताचा पंचनामा, बांधावरच्या मारामारीची एनसी. ज्या संस्थेकडे आपल्याला उचलून नेण्याचा आणि प्रसंगी गोळी घालण्याचाही अधिकार आहे, तिचा इतिहास गावाने लिहून ठेवला पाहिजे, आणि तो गावाच्या बाजूने लिहिला पाहिजे. हा लेख तसा प्रयत्न आहे.

सुरुवात कार्ल्याच्या डोंगरापासून करावी लागेल. मळवली स्टेशनवरून समोर दिसणाऱ्या त्या लेण्यात सातवाहन काळातला एक लेख कोरलेला आहे. मामाल, म्हणजे आपल्या मावळातल्या, अमात्याला उद्देशून काढलेली ती राजाज्ञा आहे. करजक नावाचे गाव लेण्यातल्या भिक्षुसंघाला दिले आहे आणि त्या गावाला काही सवलती आहेत : राजाच्या माणसांनी गावात शिरू नये, कशाला हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये, प्रांताच्या अंमलदारांनी गावात ढवळाढवळ करू नये. अशी आज्ञा दगडात कोरून ठेवावी लागते तेव्हा एरवी काय चालत असेल, हे वेगळे सांगायला नको. अंमलदार गावात शिरत होते आणि हात लावत होते. ज्याच्यामागे संघ होता, त्याला सूट मिळाली. आपल्या भागातल्या पोलिसी इतिहासाचे हे पहिले पान आहे, आणि त्यावर सामान्य कुणब्याचे नाव नाही.

पुढे मराठी अमलात गावचा बंदोबस्त गावाकडेच होता. पाटील मुख्य, त्याच्या हाताखाली चौगुला, लिहिण्यासाठी कुलकर्णी, वेशीवर महार वेसकर, रात्रीच्या राखणीला रामोशी किंवा जागल्या. चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला तर पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदाराची. माग आपल्याच शिवेत विरला तर नुकसान भरून द्यायचे. कंपनी सरकारच्या पहिल्या अधिकाऱ्यांनी, एल्फिन्स्टनसकट, या पद्धतीची सविस्तर नोंद केली आहे. चोरी सापडली नाही तर राखणदाराने आणि गावाने पदरचे द्यायचे, ही त्या व्यवस्थेची खरी ताकद होती. आजच्या ठाण्यात तपास लागला नाही तर फिर्यादीला 'अ' समरीचे पत्र मिळते आणि प्रकरण मिटते. पदरचे कोणाचे काही जात नाही.

पण त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे मला मान्य नाही. वेस राखणाऱ्या महाराला वेशीच्या आत घर नव्हते. सरकारी निरोप पोचवणे, पाहुण्या अंमलदाराचे घोडे सांभाळणे, मेलेली गुरे ओढणे, सगळे त्याच्याकडे, आणि मोबदला बलुत्याच्या पेंढीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याचसाठी. ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. गावाची सुरक्षा म्हणजे जातीच्या उतरंडीची सुरक्षा, हा त्या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग होता, आणि तो पुढच्या पोलिसांनी जसाच्या तसा उचलला.

रामोशांचे काय झाले, ते पाहिले की हे स्पष्ट होते. १८१८ नंतर किल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्या. गडाची राखण हेच ज्यांचे पोट होते, ते बेकार झाले. पुरंदराच्या अंगाला उमाजी नाईकांनी बंड केले. कंपनीने आधी त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावरच घेतले, नंतर पुन्हा पाठलाग केला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यातही लागू करता येईल असा झाला. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे लोक जन्माने गुन्हेगार ठरू लागले, हजेरीला बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा देशभरातून गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत. मात्र नाव 'विमुक्त' झाले म्हणून संशय सुटला असे नाही. कुठे घरफोडी झाली की पालावर आधी जायचे, ही सवय कोणत्या कायद्याने लावली होती, हे आजच्या बीट अंमलदाराला माहीतही नसेल.

आता घाटाकडे वळू. मावळच्या पोलिसी इतिहासाची किल्ली बोरघाटात आहे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ पासून जीआयपी रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे, हजारो मजूर, पटकी, हिवताप, सुरुंगाचे अपघात. मजुरी पोटठेकेदारांच्या हातातून झिरपत मजुरापर्यंत पोचायची, कधी अर्धी, कधी नाहीच. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला आणि त्यांनी युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ला केला. त्यात एक युरोपीय मारला गेला. फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराने त्याच वर्षी काम सोडले. चौकशीत मजुरांची तक्रार खरी असल्याचे दिसून आले, तरी लगेच पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, जो कायदा झाला त्याने रेल्वेसारख्या कामांवरचे मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याकडे दिले आणि कबूल केलेले काम मोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची तरतूद केली. थकलेली मजुरी हा दिवाणी प्रश्न ठरला, आणि सोडलेले काम हा गुन्हा.

याच वर्षांत आजच्या पोलिसाचा जन्म झाला, हा योगायोग नाही. आयर्लंडमध्ये जनतेवर ताबा ठेवण्यासाठी उभारलेल्या सशस्त्र दलाचा नमुना चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये आणला. मुंबई इलाख्याने १८५३ मध्ये तो घेतला : जिल्ह्याला एक पोलीस अधीक्षक, त्याच्या हाताखाली गणवेशातले शिपाई, आणि अधीक्षकाचे उत्तरदायित्व वर, सरकारकडे. लंडनमध्ये पील यांनी १८२९ मध्ये उभारलेला पोलीस वेगळा होता. तो बिनहत्यारी होता आणि वस्तीत मिसळणारा होता. तो नमुना इंग्रजांनी आपल्या घरी ठेवला. आपल्याकडे बराक आली. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटील राहिला, पण त्याची दिशा फिरली. पूर्वी तो गावाच्या वतीने सरकारशी बोलायचा, आता सरकारच्या वतीने गावाची खबर देऊ लागला. १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा आणि स्वातंत्र्यानंतरचा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, यांची चौकट तीच आहे. तडीपारीची कलमे ५५, ५६, ५७, हत्यार आणि जमावबंदीचे कलम ३७, ही सगळी त्याच घराण्यातली.

हे दल काय करू शकते, ते पुणे शहराने १८९७ मध्ये पाहिले. प्लेग आला, फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, रँडच्या प्लेग समितीने गोरे सोल्जर घरोघर घातले. देवघरात बूट गेले, बायकांना रस्त्यावर तपासले गेले. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर सरकारने पुण्यावर शिक्षेचे जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरातल्या लोकांकडून वसूल केला. ज्याला मारायचे त्याच्याकडूनच काठीचे पैसे घ्यायचे, ही रीत तेव्हा उघड होती. साथरोगाचा तो कायदा १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर आला, त्याविषयी पुढे.

मावळ मात्र शहराच्या वाटेवर होते आणि वाटेवरच राहिले. टाटांनी १९१० नंतर लोणावळा, वळवण, शिरवटा इथे पाणी अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. मग मुळशीची पाळी आली. तिथले शेतकरी अडले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागे मावळे, बायकापोरांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरण खाजगी कंपनीचे होते, जमीन घेणारा कायदा १८९४ चा सरकारी होता आणि बसलेल्या माणसाला उचलणारा पोलीस जनतेच्या पैशावर पोसलेला होता. शेकडो लोक तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत सत्याग्रह विझला आणि मुळशी खोरे पाण्याखाली गेले. धरणविरोधाच्या लढ्यांत हा जगातल्या पहिल्यांपैकी एक, असे आज अभ्यासक म्हणतात. पोलिसांच्या बाजूने पाहिले तर एक पायंडा पडला. शहराला हवी असलेली गोष्ट मावळातून नेताना जो आड येईल, त्याला बाजूला करणे हे 'शांतता राखण्याचे' काम ठरले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांवर फार लिहीत नाही. पवना धरण झाले, शेकडो खातेदार विस्थापित झाले, त्यांतल्या अनेकांच्या वारसांना पर्यायी जमीन आजही मिळालेली नाही. पोलीस पाटलाचे वतन गेले आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने ते नेमणुकीचे पद झाले. तळेगावला कारखाने आले, लोणावळ्याला बंगले. ठाणी वाढली. मोठा बदल २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर झाला. त्याने मावळ मधोमध चिरले आणि शेताची किंमत पिकावरून ठरायची ती रस्त्यापासूनच्या अंतरावरून ठरू लागली.

जमिनीच्या या बाजारात खोटे कुलमुखत्यारपत्र, मेलेल्या माणसाच्या नावावर उभा केलेला दुसरा माणूस, रातोरात पडलेले तारेचे कुंपण, हे सगळे आले. गरीब खातेदार ठाण्यात गेला की त्याला सांगत, हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. त्याच कुंपणाला त्याने हात लावला तर मात्र लगेच गुन्हा. १८६० च्या कायद्याची ही वाट अजून बुजलेली नाही.

तळेगाव दाभाड्यातले सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकारात या व्यवहारांचे कागद काढायला सुरुवात केली. आपल्या शेजारच्या ताजे आणि पिंपळोली गावांतल्या, द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींच्या व्यवहारांबाबत त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये लोणावळ्यात तक्रार दाखल केली. जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असे त्यांनी पोलिसांना कळवले होते. संरक्षण मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघालेले असताना तळेगावात भर वस्तीत त्यांचा खून झाला. तपास आधी स्थानिक पोलिसांनी केला, मग सीबीआयकडे गेला. सीबीआयने एकदा तपास बंद केला, पुन्हा उघडला, २०१६ मध्ये स्थानिक तपासाशी संबंधित पोलीस अधिकाऱ्यांनाच अटक केली, आणि २०१८ मध्ये पुन्हा बंदचा अहवाल दिला. खून कोणी केला आणि करवला, हे कायद्याच्या लेखी आजही ठरलेले नाही. मावळच्या सार्वजनिक जीवनातली ही सर्वांत मोठी जखम आहे, आणि तिच्याकडे राजकीय पक्षांनी फार लवकर पाठ फिरवली. ज्या तालुक्यात मंत्र्याच्या ताफ्यासाठी चौकाचौकात शिपाई उभा राहतो, तिथे कागद मागणाऱ्या एका माणसामागे एक शिपाई देता आला नाही.

त्यानंतर दीड वर्षाने बऊरचा गोळीबार घडला. पवना धरणातून पिंपरी–चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायचे, धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर, असा प्रकल्प २००८ मध्ये मंजूर होऊन सुरू झाला होता. तोवर पाणी नदीतून सोडले जाई आणि रावेतला उचलले जाई. नदी वाहती असल्याने काठच्या गावांच्या उपसा योजना, विहिरी, ऊस, भाजीपाला जगत होता. पाणी नळात गेले की नदी कोरडी पडणार, शिवाय नळासाठी पुन्हा जमीन जाणार, आणि धरणाला दिलेल्या जमिनीचा मोबदला अजून बाकीच, हे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. शहराचे म्हणणे, नदीत पाणी वाया जाते आणि घाण होते. दोन्ही बाजूंत बोलण्यासारखे होते. बोलणे मात्र झाले नाही.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. हजारो शेतकरी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. रस्ता बंद झाला. दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. मग लाठीमार, अश्रुधूर आणि गोळीबार. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे हे तिघे मारले गेले. त्या दिवशीची दृश्ये महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिली : पळणाऱ्या लोकांच्या दिशेने झाडलेल्या गोळ्या, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्यांच्या काचा फोडणारे गणवेशातले हात. रिकाम्या गाडीपासून कोणाच्या जिवाला धोका असतो? जमाव पांगवण्याचा कायदा एवढेच सांगतो की आधी इशारा द्या, बळ लागेल तेवढेच वापरा. काचा फोडणे म्हणजे शिक्षा देणे, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसाला कोणत्याही कलमाने दिलेला नाही.

सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले आणि ते मागे घ्या अशी मागणी पुढची कित्येक वर्षे प्रत्येक निवडणुकीत होत राहिली. आयोगाची अडचण अशी की त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तो सरकारला सादर होतो, सरकार त्यावर काय केले ते विधिमंडळाला सांगते, आणि ज्या गावात माणसे मेली तिथल्या ग्रामसभेपुढे तो कोणी वाचून दाखवत नाही. पवन मावळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात या अहवालाची मराठी प्रत असायला हवी होती. मुंबईत, विधानभवनाच्या ग्रंथालयात अहवाल असणे आणि येळसे–शिवण्याच्या माणसाला तो वाचता येणे, यांत घाटाएवढे अंतर आहे.

शिपायाची बाजूही इथेच लिहिली पाहिजे, कारण तीही माणसे आपल्याच भागातली आहेत. बंदोबस्ताला उभा राहिलेला पोलीस बारा-बारा तास पाण्याविना असतो. त्याच्या क्वार्टरला गळती असते, त्याची सुटी ऐनवेळी रद्द होते, आणि हुकूम कोणी दिला हे कागदावर नसल्याने उद्या चौकशीत सापडतो तो तोच. त्याचे घर बहुधा शेतकऱ्याचेच असते. बऊरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची पोरे होती, हे त्या वेळी अनेकांनी म्हटले. पण त्या पोराला तिथे उभे करणारा निर्णय शेतकऱ्याच्या घरात झालेला नव्हता, आणि सहानुभूतीने जबाबदारी फिटत नाही.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी–चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही ठाणी तिकडे गेली. वडगाव, कामशेत, लोणावळा शहर आणि लोणावळा ग्रामीण पुणे ग्रामीणकडेच राहिली. तालुका एक, पोलीस दोन. वर्तमानपत्रांनी याकडे हद्दीचा फेरफार म्हणून पाहिले. फरक त्याहून खोल आहे. ग्रामीण भागात जमावबंदीचा हुकूम जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार काढतात, तडीपारी बहुतेक वेळा प्रांताधिकारी करतो. पोलीस मागतो, महसूल खाते देते किंवा नाकारते. नाकारणे दुर्मीळ असले तरी दार दुसऱ्याचे असते. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांकडेच येतात. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे प्रतिबंधक कारवाईत, हमीपत्र मागणारा खात्याचा आणि ते ऐकणाराही खात्याचाच. वडगावच्या कार्यकर्त्याला जे दार आहे ते तळेगावच्या कार्यकर्त्याला नाही. गुन्हेगारी वाढली म्हणून आयुक्तालय हवे, हे मला समजते. पण आयुक्तालय आले तेव्हा आपण काय सोडून देत आहोत, याची चर्चा तालुक्यात एकाही व्यासपीठावर झाली नाही.

मळवली स्टेशनवर उतरलेल्या माणसाचा हिशोब तर आणखी गुंतागुंतीचा. फलाटावर चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस. रुळाच्या आणि रेल्वेच्या मालमत्तेला आरपीएफ. स्टेशनबाहेर लोणावळा ग्रामीण. द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस. भाजे लेणी आणि लोहगडाच्या दरवाजात पुरातत्त्व खाते, डोंगरउतारावर वनखाते. एवढ्या टोप्या असून रविवारी पावसात गेटच्या रस्त्यावर रुग्णवाहिका अडकते, तेव्हा गाड्या बाजूला काढायला गावातलीच पोरे उतरतात.

पर्यटन हा घाटरस्त्याचा नवा अवतार आहे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांना शोधायला उतरले ते शिवदुर्ग मित्रचे स्थानिक स्वयंसेवक आणि आयएनएस शिवाजीचे पाणबुडे. दुसऱ्या दिवशी देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि जमावबंदीच्या कलम १४४ चे १६३ झाले. त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचा हुकूम निघाला. पाण्यात उतरू नये, कड्यावर सेल्फी घेऊ नये, सहानंतर थांबू नये. हेतू चांगला. पण प्रत्येक प्रश्न एकेक वर्ष पुढे ढकलत त्याला जमावबंदीचे तेच कलम लावायचे, हा आता प्रशासनाचा स्वभाव झाला आहे. एकविरेची चैत्र यात्रा असो, जानेवारी २०२३ मधला लोहगडच्या उरुसाचा वाद असो, की पावसाळा असो, हुकूम एकच. कठडा, जीवरक्षक, गाड्यांचा तळ, वेळेवर गाडी यांना पैसे आणि माणसे लागतात, हुकुमाला एक सही.

१५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. धोक्याचा फलक तिथे लावलेला होता. नवा पूल मंजूर होता, काम सुरू झालेले नव्हते. फलक लावून जबाबदारी पर्यटकावर ढकलता येते. शेजारच्या गावाला तो पूल नदी ओलांडायला हवा होता, हे त्या फलकाला ठाऊक नसते.

आणि आता थोडे मागे, २०२० मध्ये. साथरोग कायदा, टाळेबंदी, नाक्यानाक्यावर अडथळे. मुंबईहून चालत निघालेले मजूर घाटातून वर येत होते. अडवले जात होते, उठाबशा काढत होते. त्याच एप्रिलमध्ये खंडाळ्यातून वाधवान हे उद्योजक कुटुंब आणि त्यांच्यासोबतचे लोक, एकूण २३ जण, गाड्यांच्या ताफ्यातून महाबळेश्वरला पोचले. त्यांच्याकडे गृहखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. वाटेतल्या प्रत्येक नाक्याने ते पत्र वाचले आणि अडथळा बाजूला केला. बोभाटा झाल्यावर त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. काही महिन्यांत त्यांची मोठ्या पदावर नेमणूकही झाली. त्या प्रवासानंतर महिनाभराने, ८ मे रोजी, करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रस्त्याने गेलो तर पोलीस अडवतील म्हणून ते रुळावरून चालत होते. नियंत्रण सर्वांवर सारखे नसते, हे समजायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

सुधारणेचा मार्ग अगदीच बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सात निर्देश दिले. त्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण असावे असे म्हटले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला, पण जिल्ह्याऐवजी विभागीय प्राधिकरण ठेवले. म्हणजे लोहगडवाडीच्या माणसाने आणि सोलापूरच्या टोकाच्या माणसाने एकाच विभागाच्या दाराशी जायचे. तक्रारदाराचे दार जितके लांब, तितकी तक्रार कमी. हा बदल सहज सुचलेला नाही.

जवळचे दार एकच उरते, पोलीस पाटलाचे. मार्च २०२४ मध्ये त्याचे मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये झाले, ते योग्यच झाले. आता या पदावर महिलाही आहेत. त्यांच्या दाराशी भांडण आधी येते, ठाण्यात नंतर. पण त्यांची नेमणूक प्रांताधिकारी करतो, अहवाल ठाण्याला जातो, आणि ग्रामसभेपुढे त्यांनी वर्षभराचे काम मांडावे असा नियम नाही. मळवली, भाजे, पाटण, सदापूर, देवले या ग्रामसभांनी एवढा एक ठराव करायला हरकत नाही : वर्षातून एकदा पोलीस पाटील आणि ठाण्याचा अधिकारी सभेत यावा, किती तक्रारी आल्या, किती दाखल झाल्या, किती बंद केल्या आणि का, किती जणांना चॅप्टरच्या नोटिसा दिल्या, ते सांगावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

ठरावाची घाई करण्याचे कारण आहे. पवना जलवाहिनीवरची स्थगिती २०२३ मध्ये उठली. शेतकऱ्यांचा विरोध कायम आहे. मोजणीवाले पुन्हा आले तर त्यांच्यासोबत बंदोबस्त येईल, त्याआधी कार्यकर्त्यांच्या घरी नोटिसा येतील, आणि त्या नोटिसा बजावताना साक्षीला बोलावले जाईल ते गावच्या पोलीस पाटलाला.